दुधाच्या दातांच्या चकत्या

३ फेब्रुवारी
आज चाळीस चकत्या झाल्या! दुधाचा दात तो केवढासा, आणि त्यातलं डेंटिन म्हणजे वरच्या कवचाखालचा थर. तरी प्रयोगशाळेतले काका त्याच्या अशा पातळ चकत्या कापतात की बघत राहावं. पंचवीस वर्षं हेच काम. "घाई केली की दात रुसतो," म्हणाले.

अर्ध्या चकत्यांना मॅडमचा लेप लावला. या लेपाने डेंटिन टणक होतं हे त्यांनी अकरा वर्षांपूर्वी दाखवलं, त्यावरच त्यांचं नाव झालं. माझा प्रबंध म्हणजे त्याचीच पडताळणी. अशा बाईंच्या हाताखाली शिकायला मिळतंय — नशीब काढलं मी.

७ फेब्रुवारी
टणकपणा मोजायच्या यंत्राचं हिऱ्याचं टोक प्रत्येक चकतीवर दाबलं, ठसे मोजले. लेप लावलेल्या, न लावलेल्या — आकडे सारखेच. माझंच काहीतरी चुकलं असणार.

८ फेब्रुवारी
पुन्हा मोजले. तेच.

१० फेब्रुवारी
काकांना विचारलं, मॅडमच्या त्या प्रयोगाच्या वेळी वेगळं काय करायचात?

"काही नाही गं. लेपाच्या चकत्या टिपकागदावर ठेवायचो, लेप धुऊन जाऊ नये म्हणून. बाकीच्या पाण्यात."

"मॅडमनी सांगितलं होतं?"

"छे, माझीच हुशारी."

मी गारच पडले. वाळलं की डेंटिन तसंही कडक होतं! घरी येताना कशातच लक्ष नव्हतं. लेप न लावलेली एक चकती टिपकागदावर ठेवून आलेय — लेकीच्या पडलेल्या दाताची. ती विचारतेय, "आई, माझा दात पास होईल ना?"

११ फेब्रुवारी
झाला पास. आकडा थेट मॅडमच्या त्या शोधनिबंधातला, तोही लेपाशिवाय! काकांचं तोंड एवढंसं झालं. निवृत्तीला सहा महिने उरलेत त्यांच्या. "आता या वयात ठपका," एवढंच म्हणाले.

१२ फेब्रुवारी
मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

१४ फेब्रुवारी
सांगितलं. काकांचंही सांगावं लागलं. मॅडमनी चष्मा पुसला आणि स्वतः यंत्रापाशी बसल्या. तीन तास! डबासुद्धा उघडला नाही. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. जा आता, लेक वाट बघत असेल." आवाज नेहमीसारखाच होता. मीच जिन्यात रडले.

१७ फेब्रुवारी
मॅडम निबंध मागे घेताहेत. मासिकाला पाठवायचं पत्र आधी मला वाचायला दिलं. अख्ख्या पत्रात एकच वाक्य खोटं आहे — "चकत्या टिपकागदावर ठेवायला मीच सांगितलं होतं."