शैलजाच्या सहा केमो आणि माझी देखरेख

१० नोव्हेंबर २०२४, रविवार
उद्या पहिली केमो. छातीचं ऑपरेशन दिवाळीआधीच उरकलं. डॉक्टर म्हणाले, एकूण सहा, दर एकवीस दिवसांनी एक. म्हणजे २४ फेब्रुवारीला काम खलास. बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं काढली, शेवटची सहा अधीक्षक म्हणून. शिक्षकांच्या बदल्यांचे सीझन मी निभावले. एका बायकोची केमो निभावणार नाही?
नियम ठरवला: घरात रडायचं नाही. कोणीही. शिवाय रोज सकाळी शैलजाला मूड विचारायचा, दहापैकी किती. आणि सलाईन चालू असेपर्यंत शेजारी बसून पॉझिटिव्ह विचार वाचून दाखवायचे. आवाज माझा खणखणीत आहे. २६ जानेवारीचं सूत्रसंचालन अकरा वर्षं माझ्याकडे होतं, ते उगाच नाही.
शैलजाला प्लॅन सांगितला. म्हणाली, बरं.

११ नोव्हेंबर, सोमवार
अकोला. बोथा घाट, खामगाव, मग अकोला. पावणेतीन तास. गाडी मीच चालवली. औषध लालभडक, सरबतासारखं. तीन तास वाचलं. शैलजा डोळे मिटून ऐकत होती. योगिनी नावाची सिस्टर आहे, मुलगी चांगली. दोनदा म्हणाली, काका, तुम्ही थोडं बाहेर बसता का? माझ्या चहाची काळजी. मी म्हटलं, मी ठीक आहे, तुम्ही तुमचं काम करा.

१२ नोव्हेंबर
नऊ उलट्या. पाणीसुद्धा राहत नाही. लघवी लाल झाली म्हणून घाबरली. मी सांगितलं, औषधाचा रंग आहे, कागदावर लिहिलंय. मूड विचारला. बादलीतून मान वर करून म्हणाली, आठ.
आठ! पहिल्याच डोसला. मुलाला, आल्हादला, पुण्याला फोन करून सांगितलं.

१६ नोव्हेंबर, दुपार
मागच्या गल्लीतल्या विमलबाई आल्या. पापड-कुरडयांचा धंदा आहे त्यांचा, माहेर रोहिणखेडचं, शैलजाची वीस वर्षांची मैत्रीण. आल्या आल्या तिच्या गळ्यात पडून रडल्या. शैलजाही रडली. नियम सातव्या दिवशी मोडला. विमलबाईंना फाटकापर्यंत सोडलं आणि स्पष्ट सांगितलं की केमो संपेपर्यंत घरी येऊ नका, पेशंटचं मनोधैर्य खचतं.
त्या म्हणाल्या, "साहेब, तिले रडू द्या ना. काऊन अडवून राह्यले?"
अशिक्षितपणा. दुसरं काय.

२७ नोव्हेंबर
केस गळाले. उशीवर, बेसिनमध्ये, वरणातसुद्धा. शैलजा स्वतःच झाडूने गोळा करत होती. मी समजावलं की केस म्हणजे मृत पेशी, त्यांना जीव नसतोच. हो म्हणाली. संध्याकाळी बाई बोलावून राहिलेले काढून टाकले.
मीही टक्कल करणार होतो, तिला सोबत म्हणून. पण थंडी सुरू झाली आहे आणि मला सायनस. शिवाय नांदुऱ्याला भाचीचं लग्न आहे. लग्नानंतर बघू.
मूड: आठ.

२ डिसेंबर, सोमवार
दुसरी. या वेळी औषध लागायच्या आधीच उलटी. बोथ्याच्या घाटात, तिसऱ्या वळणावर. घाटाची वळणं सदोष आहेत. बांधकाम विभागाला पत्र लिहावं.

८ डिसेंबर
तोंडभर फोड. कशालाही लोखंडाची चव लागते म्हणते. दहीभात चार घास. जिन्याच्या तीन पायऱ्या चढली की बसते. नखं काळी पडताहेत.
पण एक चांगलं. रोज दुपारी तासभर विमलबाईंच्या अंगणात उन्हात जाऊन बसते. विमलबाई आपल्याकडे येत नाहीत, त्यामुळे नियम शाबूत. व्हिटॅमिन डी मिळतं. येते तेव्हा चेहरा लाल असतो, डोळेही. ऊन जोराचं आहे. टोपी घे म्हटलं.

२३ डिसेंबर
तिसरी. मी गाडीत बसताच शैलजा दार उघडून ओकली. अजून गाडी सुरूही नव्हती, म्हणजे घाट निर्दोष.
पण कारण सापडलं! आल्हादने पाठवलेला डिओ. हॉस्पिटलच्या दिवशी मी फ्रेश दिसावं म्हणून भरपूर मारतो. तिच्या नाकाला तो वास आणि ते औषध एकच झालं असणार. वाटेत खामगावला डिओ कचऱ्यात टाकला. हे डॉक्टरांना सुचलं नाही, मला सुचलं.

१ जानेवारी २०२५
तीस तारखेला सकाळी ताप १०२. पांढऱ्या पेशी घसरल्या. इथेच बुलढाण्यात ॲडमिट आहे. इंजेक्शनं चालू. हातावर शीर सापडत नाही, चार ठिकाणी टोचलं. आल्हादला सांगितलं, रूटीन चेकअप. त्याची सुट्टी वाया जायला नको.
मूड विचारला. भिंतीकडे तोंड करून आठ म्हणाली. सलग एक्कावन्न दिवस आठ. असं सातत्य मी आमच्या ऑफिसात पाहिलं नाही.

९ जानेवारी
डिओ बंद होऊन सतरा दिवस झाले, उलट्या चालूच. आणि आता कारणाशिवाय. आज सकाळी मी खाकरून "काय शैला, दहापैकी किती?" एवढंच विचारलं, तर ती तोंडावर हात धरून मोरीत पळाली. ॲसिडिटी. उदबत्ती बंद केली. चहापत्ती बदलली. पडदे धुवायला टाकले. फिनेल मात्र ठेवलं, स्वच्छता हवीच.

१३ जानेवारी, सोमवार
चौथी. वाटेत थोडी चर्चा झाल्यामुळे तासभर उशीर.

१३ जानेवारी, पुन्हा
वरचं नीट लिहिलं नाही. इथे कोण वाचणार आहे.
घाट लागला तेव्हा मी म्हणालो, चौथी म्हणजे अर्ध्याच्या पुढे, आता उताराचा रस्ता. शैलजा म्हणाली, गाडी थांबवा. थांबवली. ती उतरून कठड्यावर जाऊन बसली. डोक्याचा स्कार्फ सुटला होता, तो बांधला नाही. माकडं जमली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून लोक बघत होते. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.
ती म्हणाली, "मले नाही जायचं. तुम्ही जा एकटे. मेली तरी चालते मले."
लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्याशी ती नेहमी शुद्ध बोलते. हे तिचं माहेरचं बोलणं, मी ते तिच्या आईच्या अंत्ययात्रेत एकदा ऐकलं होतं.
मी खूप बोललो. मुद्देसूद बोललो. जितकं बोललो तितकी ती कठड्यापलीकडे वाकून ओकत होती, आणि पोटात तर काहीच नव्हतं. शेवटी माझे मुद्दे संपले. चाळीस मिनिटं गप्प उभा राहिलो. मग ती आपणहून उठली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.
हॉस्पिटलात योगिनी सिस्टरने तिला आतल्या खोलीत नेलं, अर्धा तास. मग मला बोलावलं. म्हणाली, "काका, रागावू नका." काही पेशंटना हॉस्पिटलची लिफ्ट पाहिली की उलटी होते. एका आजोबांना लाल सरबत पाहून होते. मेंदू गाठ मारतो, पेशंटच्या हातात काही नसतं.
मी म्हटलं, आम्ही डिओ बंद केला आहे.
ती म्हणाली, "काकूंना तुमच्या आवाजाने होतं."
मी विचारलं, मग रोजचे आठ?
सिस्टर म्हणाली, काकू म्हणतात, आठ सांगितलं की ते पुढे काही विचारत नाहीत.
आणि विमलबाईंच्या अंगणात ती ऊन खायला जात नव्हती, हेही सिस्टरनेच सांगितलं. तासभर रडायची, तोंड धुवायची, घरी यायची. जगायला नको वाटतं असं गेले दोन महिने तिथे सांगत होती. विमलबाईंनीच तिला बजावलं होतं की हे दवाखान्यात सांग, नाहीतर मी येऊन सांगीन. आज सांगितलं. मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे. नवीन गोळी सुरू.

१५ जानेवारी
सिस्टरचं वय किती, अनुभव किती? माझ्या आवाजावर आजवर एकही तक्रार नाही. कलेक्टरसाहेबांनी स्टेजवर हात मिळवला होता. प्रयोग करून पाहायचं ठरवलं. दाराआडून, मुद्दाम मऊ आवाजात म्हटलं, शैला, चहा.
प्रयोग पुन्हा करणार नाही.

१८ जानेवारी
तोडगा काढला. बोलायचं नाही, चिठ्ठ्या लिहायच्या. आज सात लिहिल्या. चौथी जरा लांबली, दीड पान, जिद्द या विषयावर. तिच्यावर तिने पेन्सिलीने लिहून पाठवलं: कमी लिहा. वाचताना तुमचा आवाज ऐकू येतो.

२ फेब्रुवारी, रविवार
उद्या पाचवी. मी न्यायचं तर ती पोचणार नाही. पोचली नाही तर उरलेल्या दोन राहतील, आणि डॉक्टर म्हणाले, या टप्प्यावर अर्धवट सोडणं म्हणजे आजाराला परत बोलावणं. आल्हादला रजा नाही. खरं म्हणजे त्याला अजून सगळं सांगितलेलंच नाही.
विमलबाईंकडे गेलो. मनात भाषण तयार केलं होतं. त्या अंगणात पापडाचं पीठ कुटत होत्या. भाषण आठवेना. म्हटलं, उद्या तुम्ही जाल का तिच्यासोबत?
"म्या पयलेपासूनच गेली असती. तुमीच येऊ नका म्हनलं."
मी म्हटलं, हो, मीच म्हटलं.
त्यांनी मुसळ ठेवलं. "पन साहेब, तिथं म्या काय बोलू? मले तुमच्यावानी नाही येत."
काही बोलू नका, म्हटलं.
"आन् रडू आलं तर?"
मी म्हटलं, रडा.

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी सहाला गेल्या. गोपाल नावाचा ड्रायव्हर ठरवला, मितभाषी बघून. मी खिडकीतून पाहिलं. खाली उतरलो नाही.
प्लॅन: घर आवरणे, मूगडाळीची खिचडी, आल्हादला सविस्तर फोन. घर आवरायला घेतलं तर कपाटात तिचे केस सापडले, कागदी पिशवीत, रबर लावून. तिथेच बसलो. खिचडी करपली. फोन केला. आल्हाद म्हणाला, बाबा, तुम्ही मला तिसऱ्या महिन्यात सांगताय.
संध्याकाळी साडेसहाला गाडी आली. फाटकापाशी कोणी बाई हसत होती. गल्लीतली असेल वाटलं. शैलजा होती. विमलबाई त्यांच्या नणंदेचं काहीतरी सांगत होत्या. मी माडीवर निघून गेलो.
घाटात उलटी नाही. औषध लागताना नाही. घरी आल्यावर दोन.

१० फेब्रुवारी
उलट्या थांबल्या, बाकी सगळं आहेच. थकवा असा की केस असते तरी कंगवा उचलला नसता, असं ती विमलबाईंना म्हणाली. विमलबाई आता रोज येतात, दोघी स्वयंपाकघरात बसतात. आज रडण्याचा आवाज आला. मी जिन्यात उभा होतो. खाकरलोसुद्धा नाही. वर गेलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सहावी झाली, विमलबाईंसोबतच. ठरल्या तारखेला. ठरवल्याप्रमाणे, असं लिहिणार होतो.
सिस्टरला फोन करून विचारलं, आता मी बोलू शकतो ना? म्हणाली, काका, औषध संपलं तरी हे लगेच जात नाही. महिने लागतात. काहींचं थोडं राहतंच.

२५ फेब्रुवारी, दुपार १
आल्हादचा फोन. रविवारी येतोय. म्हणाला, बाबा, तुम्ही सांभाळलंत सगळं.
हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, विमलबाईंचा नंबर देतो, त्यांना फोन कर.
तो म्हणाला, नीट ऐकू येत नाही, एवढं हळू का बोलताय? घसा बसलाय का?
म्हटलं, नाही. रस्त्यावर येऊन बोलतोय. आई आत जेवतेय.