सातव्या मिनिटाला मरणारा मामा

प्रिय मिरी,

फोनच करणार होतो. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो आणि पाचव्याला तू फोन ठेवतेस, म्हणून कागद घेतला. बातमी अशी की मामाच्या नव्या भयपटाची पटकथा लिहून झाली. आम्ही दोघांनी लिहिली, आणि निर्मातीबाईंनी पहिल्या पानावर मामाच्या नावाखाली माझंही नाव टाकलंय. आईने ते पान चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "घरात एक होता, तो कमी होता वाटतं." पण पान परत द्यायला तिने अर्धा तास लावला. फक्त एक प्रसंग त्यातून काढलाय आणि त्याचा संबंध तुझ्याशी आहे. एकदम तिथे उडी मारायची माझी हिंमत नाही, म्हणून आधी मामाबद्दल लिहितो. तो तुला आवडायचा.

आठवतं, तो मला भेटायला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आला होता? गल्ल्यावरच्या माणसाने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही मेला होतात ना?" मामा म्हणाला, "एकोणीस वेळा," आणि हातात चहाचा ट्रे तसाच धरून, एकही कप न सांडता, तो हळूहळू फरशीवर कोसळला. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी तेव्हा मामावर जळलो होतो. तुला तेवढं हसवायला मला सहा महिने लागले होते.

तो एकोणीस वेळा कसा मेला, ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. मामा एका चित्रपट कंपनीत टायपिस्ट होता. एका भयपटाचा लेखक भांडून अर्ध्यातून निघून गेला. त्याच्या आधीच्या चार पटकथा मामाने टाइप केलेल्या, त्यामुळे कोण कितव्या पानावर किंचाळतं हे त्याच्या बोटांना पाठ होतं. उरलेली चाळीस पानं त्याने चार दिवसांत लिहून दिली. मग सुरुवातीलाच मरणारा वॉचमन करायला जो नट ठरला होता, त्याला खोट्या रक्ताने अंगभर पुरळ उठलं. मामाच्या अंगाला वॉचमनचा गणवेश बसला, म्हणून सातव्या मिनिटाला मामा मेला. चित्रपट पंचवीस आठवडे चालला. कंपनीच्या मालकांनी ठरवून टाकलं की हा आधी मेला की चित्रपट जगतो. तेव्हापासून मामा स्वतःच लिहायचा आणि स्वतःलाच आधी मारायचा. कधी लिफ्टमन, कधी पोस्टमन, कधी पाहुणा. पडद्यावर तो दिसला की लोक शिट्ट्या मारायचे, "आला, आला, आता जाणार!" त्याचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मामीच्या आईंनी त्याला थिएटरमध्ये विहिरीत पडताना पाहिलं आणि घरी येऊन जेवल्याच नाहीत. लहानपणी मी त्याच्याबरोबर बाजारात जायचो, तेव्हा पोरं घेरायची, "काका, एकदा मरा ना!" आणि तो भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन रस्त्याकडेला मस्तपैकी मरायचा. उठून कपडे झटकायचा आणि विचारायचा, "टोमॅटो घेतले का रे?" मला वाटायचं, जगात याच्याहून मोठा माणूस नाही.

मग ती थिएटरं बंद झाली. मामा सहा वर्षं घरी बसला. एका मालिकेत तर तो नुसता भिंतीवरचा फोटो होता. त्या फोटोलाही एखादं वाक्य असावं म्हणून त्याने दिग्दर्शकाला तीन पानं लिहून पाठवली होती. आताच्या निर्मातीबाई लहानपणी त्याचे चित्रपट बघून आईच्या कुशीत झोपायच्या. त्या नवा भयपट लिहून घ्यायला स्वतःहून घरी आल्या. त्याच सुमारास मी परीक्षेच्या हॉलमधून उठून आलो होतो. पर्यवेक्षक काय म्हणाले, मी काय म्हणालो, ते बाक कुणी उलटं केलं, हे सगळं तू खिडकीशी बसून पाहिलंस. बाहेर आल्यावर तू एकच बोललीस, "आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी करून दाखव, मग बोल माझ्याशी." मी ताडताड निघून गेलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तू हाक मारशील म्हणून थांबलो. बराच वेळ थांबलो, मिरी.

मामा दिवसा लिहितो, सकाळी दहाला, स्वयंपाकघरात, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. म्हणतो, भीती उजेडात टिकली तरच खरी. प्रत्येक प्रसंग तो आधी करून बघतो आणि मग कागदावर उतरवतो. मामीला म्हणतो, "मी मागून येतो, तू घाबर." मामी म्हणते, "हातात सुरी आहे. एवढी भाजी चिरून झाली की घाबरते." परीक्षा सुटल्यावर त्याने मला मदतीला घेतलं. मी ओट्याशी बसून लिहून घ्यायचो. एक सकाळ सोडली तर या घरात मी वर्षभर कुणावर ओरडलो नाही. तुझा विश्वास बसणार नाही, मामीला विचार.

त्याची एक वही आहे. भेटेल त्याला तो विचारतो, तुम्हाला कशाची भीती वाटते? आणि टिपून ठेवतो. पण वहीतली भीती तशीच उचलायची नाही, असा त्याचा नियम आहे. ज्याची भीती त्याच्या घरी जायचं, त्याच्यासमोर प्रसंग करून दाखवायचा आणि त्याने मान डोलावली तरच वापरायचा. तोवर हाताने लिहिलेली एकच प्रत असते, दुसरी काढायची नाही. हा नियम आला माझ्या आईमुळे. सातव्या चित्रपटात त्याने आईची भीती तिला न सांगता वापरली. ती थिएटरमध्ये मध्येच उठली आणि तीन वर्षं भावाशी बोलली नाही. कसली भीती होती, ते मला आजही ठाऊक नाही. दोघंही सांगत नाहीत. मामीची भीती मामाला लग्नापासून माहीत आहे आणि ती एकाही चित्रपटात नाही.

आता लिहितो. आमच्या पटकथेत मधला भाग पडत होता. मामा रोज काहीतरी करून बघायचा आणि मामी रोज म्हणायची, "मला काही झालं नाही हो." एका सकाळी मी एकटाकी चार पानं लिहिली. एक लहान मुलगी दुपारी अभ्यासाला बसलीय. पलीकडच्या खोलीत तिचे आजारी बाबा खोकताहेत. खोकला थांबतो. ती आकडे मोजायला लागते, कारण रोज वीस-पंचवीसच्या आत तो परत सुरू होतो. ती पन्नासपर्यंत जाते. शंभर. दोनशे. उठून बघायची भीती वाटते म्हणून ती मोजतच राहते. मामीने वाचलं आणि हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. निर्मातीबाईंना फोनवर नुसतं तोंडी सांगितलं तर त्या म्हणाल्या, हाच चित्रपट आहे. आणि बाबांचं काम मामा करणार होता. सातव्या मिनिटाला न संपणारं काम, आयुष्यात पहिल्यांदा. मामाने विचारलं, "कुणाची रे ही?" मी म्हणालो, "माझीच."

मग त्याने नियमाप्रमाणे माझ्यासमोर करून दाखवलं. मला खुर्चीवर बसवलं आणि दाराआड जाऊन खोकला. असा खोकला मी ऐकला नव्हता. मग थांबला. मी चेहरा घाबरा करून बसलो. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "ही तुझी नाही. जिची असेल तिने दाराकडे बघितलंच नसतं. तू सारखा दाराच्या फटीत बघत होतास, मामाला शाबासकी कधी द्यायची म्हणून." झालं, माझं डोकं फिरलं. मी वही भिरकावली. एकोणीस चित्रपट करून शेवटी भिंतीवरचा फोटो झालात, असंही बोललो. मामी मध्ये पडली तर तिच्यावरही खेकसलो आणि निघालो. दोन दिवस मित्राच्या खोलीवर होतो. तिसऱ्या दिवशी गेलो तर मामाने ताट वाढायला सांगितलं, बाकी काही विचारलं नाही. त्या ताटावर मी सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण मामाने विचारलं, "ट्रे घेऊन पडलो तेव्हा हसली होती ती?" मी मान हलवली. त्याने भात कालवला. मग म्हणाला, "पोरीने तुला हे कशासाठी सांगितलं होतं, आणि तू ते काय म्हणून ऐकलंस?"

वाचनालयाच्या जिन्यावर तू हे सांगितलंस, तेव्हा मी तुझा हात धरला होता. तुला वाटलं असेल, मी तुझ्याबरोबर आहे. नव्हतो, मिरी. तू सहाशेच्या आकड्याला आलीस तेव्हा मी मनात ठरवत होतो की कॅमेरा दारावर ठेवायचा की मुलीच्या पाठीवर. तुझ्या प्रेमात मी आकंठ होतो, आजही आहे, आणि तरीही हे असंच घडलं.

निर्मातीबाई म्हणतात, तिला विचारून तर बघा. मामाही म्हणाला, विचार, हरकत नाही, पत्ता आहे ना? पण मी विचारणार नाही. तू 'हो' म्हणशील. मामासाठी म्हणशील, कदाचित माझ्यासाठीही, आणि मग थिएटरच्या अंधारात एकटी बसून मोजशील. ती चार पानं पाकिटात घातली आहेत. दुसरी प्रत नाही, निर्मातीबाईंना तसं कळवलंय. त्या जागी मामाने नवा प्रसंग लिहिलाय, बरा आहे. त्यात बाबा नाहीत, म्हणून मामा पुन्हा वॉचमन झालाय आणि काल गणवेशाचं माप देऊन आला. ही पानं तुझी आहेत, ती तुला परत करायला हे पत्र लिहिलं. आणि त्या जिन्यावर जे मी म्हणायला हवं होतं, ते दोन वर्षं उशिरा का होईना, म्हणतो. तू नऊ वर्षांची होतीस. पहिल्याच आकड्याला उठून गेली असतीस, तरी बाबा गेलेच असते.

तुझाच,
नाव लिहीत नाही, अक्षर ओळखशील