पोळ्याचा गोंडा

आई, हल्ली तुझी लई आठवण येते, आणि तीही एका कुत्रीपायी. ऐकलंस तर हसशील.

वडवणीच्या घरी आम्ही एक कुत्री पाळलीय. पोळ्याला बैलांचा साज झाल्यावर एक लोकरीचा गोंडा उरला, तो नातीनं हौसेनं तिच्या गळ्यात बांधला. तेव्हा ती एवढुसं पिल्लू होती. गोंडा चार दिवसांत कुठंतरी पडला. दिवाळीनंतर मात्र कुत्री बिघडली. जवळ गेलं की गुरगुरायची, आणि एक दिवस लाडानं मानेवर हात ठेवला तर नातीलाच चावली. नातीला सुया दिल्या आणि सारं घर कुत्रीवर उठलं. मुलगा म्हणाला, "पिसाळली हाय, लांब नेऊन सोडतो." पोतंसुद्धा काढलं मेल्यानं.

पोतं बघितलं आणि मला माहेरचा, चकलांब्याचा आपला गोठा दिसला. गाय लाथा झाडतेय, काकांनी काठी उचललीय, आणि तू धार सोडून मधी उभी. "कावून मारता वो भावजी? तिला काय तोंड हाय का सांगायला? आदी कुटं दुखतंय ते बगा!" कासेचा सड चिरलेला निघाला. तू लोणी लावलंस.

मी पोतं हिसकावलं. "आदी डॉक्टरला दाखव, मग काय करायचं ते कर." जनावरांच्या डॉक्टरनं तिचं तोंड बांधून मानेचे केस बाजूला केले. अगं बाई! गोंडा पडला होता, पण त्याची नायलॉनची दोरी तशीच होती. पिल्लू वाढलं आणि दोरी मांसात रुतली. नुसता पू. मुलगा तिथंच डोकं धरून बसला. डॉक्टरनं दोरी कापून काढली. आता जखम भरलीय, ती नातीच्या हातची भाकरी खाते.

शेवटच्या वर्षी तू भांडी आपटायचीस, कुणावरही खेकसायचीस. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी आई तिरसट झाली. पोटातलं दुखणं तू चुलीपाशी गिळत होतीस, ते फार उशिरा कळलं. तुला तर तोंड होतं ना गं, आई?

मीही तुझीच लेक. दिवाळीपासून माझ्याही पोटात कळ येते. कुणाला बोलले नाही. सकाळी भाजी करपली म्हणून सुनेवर मात्र केवढी ओरडले. तोंडानं सांगायला अजून जमत नाही. हे पत्र तुला काही पोचायचं नाही. सुनेच्या चहाच्या डब्याखाली ठेवते.