सहीची जागा कोरी

प्रिय तेजू,

जय भीम. गेणभाऊला घराबाहेर काढायची तू लिहिलेली नोटीस मिळाली. तीन दिवस टेबलावर पडून आहे, सहीची जागा तेवढी कोरी. थकलो गं मी. सत्तावीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, गच्च गाडीत माणसं पुढं सरकवली. हा एक भाडेकरू काही मला सरकवता येईना.

पावसाळ्यात पडल्यापासून तुझी आई चौदा पायऱ्या बसून बसून उतरते आणि मला म्हणते, तुम्ही बघू नका. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. खालची खोली मिळाली तर बिचारी दारात बसून भाजी निवडेल, विहारात जाईल. मला दुसरं काही नको. गेणभाऊला ती खोली सोडायला दसऱ्यालाच सांगितलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. विचारलं की दुरुस्तीला आलेल्या मोटारीची वायर गुंडाळता गुंडाळता एकच उत्तर, बघतोय अण्णा, रूम न्हाई घावत. मंचरात रूम घावत नाही! दर दुसऱ्या दारावर भाड्याने देण्याच्या पाट्या आहेत. डोकं फिरलं आणि गेल्या सोमवारी मी त्याचं पाणी तोडलं. हो, मीच. तुझी आई बसत बसत खाली गेली, व्हॉल्व्ह चालू करून आली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भाड्याचा कागद का केला नाही म्हणून तू फोनवर ओरडलीस. कारण तुला कधी सांगितलं नव्हतं. बोरीहून मंचरला आलो तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. अकरा घरं फिरलो. खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की मालकाचा भाचा नेमका राहायला यायचा असायचा. म्हणून हे घर बांधलं तेव्हा ठरवलं, कुणाला आडनाव विचारायचं नाही आणि कुणाला जा म्हणायचं नाही. गेणभाऊलाही तसा शब्द देऊन बसलो. शहाणपणा नडला, दुसरं काय.

काल बाजारात चिमाजी भेटला, तो खोल्या दाखवणारा. मी त्याच्यावरच घसरलो. तेव्हा त्यानं सांगितलं, गेणभाऊला तीन खोल्या दाखवल्या, तिन्ही पसंत होत्या. पहिल्या मालकानं आधी कुठं राहत होता विचारलं. माझं नाव ऐकून म्हणाला, सुटलात बरं त्यांच्यातनं, सामान आणताना गोमूत्र तेवढं शिंपडून घ्या. गेणभाऊ अर्धा चहा ठेवून उठला. दुसरीकडेही तेच, जरा गोड बोलून. तिसऱ्या वेळी चिमाजीनं शिकवलं, अण्णांचं नाव घेऊ नका, थेट गावाकडनं, पारगावहून आलोय म्हणा. तर हा म्हणतो, आठ वर्षं ज्याच्या घरात राह्यलो त्याचं नाव लपवू व्हय? आणि मला एक अक्षर बोलला नाही. माझी बोलणी खाल्ली, पाणी तोडलेलं सोसलं. कांद्याच्या ट्रॉलीआड उभा राहून रडलो मी तेजू, खोटं कशाला सांगू.

नोटीस तशीच परत पाठवतोय. आज सकाळी ठरलं, आम्ही खाली, गेणभाऊ आणि त्याची बायको मंगल वर. मोटारी जिन्याखाली मांडील. हे आधीच करता आलं असतं, पण वरचा मजला दिला की तुझी खोलीही जाणार, आणि ती मी तू येशील म्हणून कुलपात ठेवली होती. ते कुलूप आज काढलं, हे कळवायला बसलो होतो. पण खरं सांगायचंय ते वेगळंच. दिवाळीला तुझ्या पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटवर आलो तेव्हा दारावरच्या पाटीत नुसतं तेजस्विनी होतं आणि बाबासाहेबांचा फोटो कपाटात. तू म्हणालीस, हल्ली अशीच फॅशन आहे. मी हो म्हणालो. अकरा घरं फिरलेल्या माणसाला ती फॅशन कळते गं. तुला दोष देत नाही, मीही एकदा बाराव्या घरी आडनाव गिळलं होतं, म्हणून तर खोली मिळाली. पण आपलं नाव परक्या गेणभाऊनं लपवलं नाही, आणि आपण दोघांनी लपवलं. पाटीचं तू ठरव. पूर्ण नाव लावलंस आणि मालकानं जा म्हटलं, तर सरळ इकडे ये. खालच्या खोलीत तीन माणसं मावतात, आईनं सतरंजी टाकून बघितलंय.

तुझाच,
अण्णा