तिसरी लाथ

संगमेश्वर, ४ जानेवारी २०२५

ती. गुरुप्रसाददादास वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोन फुटला, म्हणून पत्र. कुंपणाच्या गडग्याला दगडी चिरा लावताना ह्यांच्या कंबरेत कळ आली, ती थेट पोटरीत उतरली. मी पायाळू, पायांकडून जन्मलेली. सासूबाईंनी हट्टच धरला की उसण भरलीय, हिच्याकडून तीन लाथा घालून घ्या. ह्यांना अंगणात पालथं निजवलं. दोन लाथा रीतीप्रमाणे नुसत्या टेकवल्या. तिसरी मात्र सगळा जीव एकवटून हाणली. हे गुरासारखे ओरडले आणि मला बरं वाटलं.

आता डावा पाय बधिर झालाय. उद्या रत्नागिरीला नेतोय. हे लुळे झाले तर माझ्यामुळेच. वहिनीला नमस्कार.

तुझी वेदिका

सावर्डे, ८ जानेवारी

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.

हसावं की रागवावं कळेना. लहानपणी माझ्या पाठीवर नाचायचीस, मी अजून चालतोय! पण शिकलेली पोरगी तू, दुखऱ्या कंबरेवर लाथ कसली मारतेस? समर्थराव तापट आहेत खरे, पण दुखणाईत माणसाला सांभाळून घे. डॉक्टर काय म्हणाले ते लिही. फोन कसा फुटला आणि लाथ एवढी जोरात का, तेही लिहायचं राहिलंय.

तुझा दादा

संगमेश्वर, १३ जानेवारी

ती. दादास सा. न.

डॉक्टरांनी एमआरआय दाखवला. मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या शिरेवर दाबतेय. वाकून चिरे उचलल्याचं जुनं दुखणं, लाथेनं झालेलं नाही. पण लाथेनं भलतंच झालं असतं, म्हणून मला फार बोलले. ऑपरेशन सध्या नको. गोळ्या, व्यायाम आणि रोज थोडं चालणं. सहा आठवड्यांत बहुधा कामाला लागतील. लघवी अडली किंवा पायातला जोर गेला तर मात्र लगेच आणा म्हणाले. सासूबाईंनी पेढे वाटले.

तू विचारलंस म्हणून लिहिते. फोन ह्यांनी भिंतीवर आपटला, त्याआधी माझं डोकं. आणि तिसरी लाथ तेवढीच होती, जेवढी गेल्या श्रावणात माझ्या पोटात बसली. बाळ आपोआप गेलं असं तुला कळवलं होतं, ते खोटं.

रोज सकाळी मीच ह्यांना हाताला धरून फाटकापर्यंत चालवते. काल हात सोडून आठ पावलं टाकली आणि म्हणाले, कंबर सरळ होऊ दे, मग तुझी लाथ तुला परत देतो.

सहातला एक आठवडा संपला, दादा. तुझा लोभ आहेच. रविवारी गाडी घेऊन ये.

तुझी वेदिका