नकाशातली नदी

शनिवार, दुपार

प्रिय टाचणी,

हे माझं आजचं चौथं पत्र. आधीची तीन सुरुवातीलाच गारद होऊन टोपलीत पडली आहेत. त्यातलं एक तुझ्या तब्येतीच्या चौकशीने सुरू झालं होतं. मी तब्येत विचारते तेव्हा मला भलतंच काही सांगायचं असतं हे तू कधीपासून ओळखून आहेस, म्हणून तेही फाडलं. तेव्हा सरळच सांगते: मी मुलाखत देऊन आले. नोकरीची. त्रेपन्नाव्या वर्षी. हसून घे, मी थांबते.

तोवर खिडकी लावून आले. अर्ध्या तासात तिसऱ्यांदा. उघडी ठेवली की समोरच्या सुताराचं करवतीचं यंत्र ऐकू येतं, आणि लावली की माझ्या डोक्यातलं. मुलाखत मंगळवारी झाली. या चार दिवसांत मी एका जागी सलग बसले असेन तर ती फक्त बसमध्ये, तेही उभं राहायला जागा नव्हती म्हणून. भावजय परवा म्हणाली, "ताई, घरभर फिरायचंच असेल तर हातात झाडू तरी घ्या." घेतला. आता घर लख्ख आहे आणि मी होते तिथेच आहे.

जागा कसली ते सांगायला हवं. आपली कागददुरुस्तीची खोली बंद पडली हे तुला दोन वर्षांपूर्वी कळवलंच होतं. ग्रंथालयात पानांचे फोटो काढणारी चार यंत्रं आली आणि वरच्यांना साक्षात्कार झाला की फोटो असताना पान हवंय कशाला. तू आधीच बाहेर पडून रफूचं दुकान टाकलंस, शहाणी ठरलीस. आपली खळीची पातेली, ब्रश, वजनं एका खोक्यात गेली आणि मी एका वकिलांच्या कचेरीत. तिथे मी फायलींना नाड्या बांधते. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली, पोथ्यांची पानं जुळवण्यात जन्म घालवलेली बाई, आणि दिवसाला दीडशे नाड्या. वकीलसाहेब मला 'मॅडम' म्हणतात, आणि गाठ सैल निघाली की 'ओ मॅडम' म्हणतात. अशात गेल्या महिन्यात जाहिरात दिसली. नव्या अभिलेखागारात जीर्ण कागद दुरुस्त करणारी खोली उघडते आहे, तिला प्रमुख हवा. आपलं काम, टाचणी! खळ, टीपकागद, दाबयंत्र, सगळं. अशी जागा माझ्या आयुष्यात पुन्हा निघणार नाही हे पहिल्याच वाचनात कळलं, तरी मी ती जाहिरात सात वेळा वाचली.

तयारी भाचीने करून घेतली. तिने स्वयंपाकघरात मला खुर्चीवर बसवलं, स्वतः ओट्यावर चढून बसली आणि तीन दिवस माझी उलटतपासणी घेतली. "अगं आत्या, तुमचा दुर्गुण सांगा म्हटलं तर असा सांगायचा की तो गुणच वाटला पाहिजे. म्हण, मला प्रत्येक काम अगदी निर्दोष लागतं, त्याचा मलाच त्रास होतो." मी म्हटलं, निंदेच्या मिषाने स्तुती, आमच्याकडे याला व्याजस्तुती म्हणतात. ती म्हणाली, "हे असलं काहीही तिथे बोलू नकोस." पोरगी हुशार आहे. माझा खरा दुर्गुण मात्र मी तिला सांगितला नाही. त्याच्याकडे येतेच आहे, जरा दम धर.

फाटकावर रखवालदाराने गळ्यात एक पट्टी अडकवली, 'अभ्यागत ७'. बाहेर बाकावर आणखी पाच उमेदवार, सगळे भाचीहून चार-पाच वर्षांनी मोठे, आपापली कामं दाखवायला चकचकीत टॅबलेट मांडीवर घेऊन बसलेले. माझ्या पिशवीत मास्तरांची हाडाची पट्टी होती, ज्या पट्टीने त्यांनी आपल्या दोघींना घडी दाबायला शिकवलं ती. दाखवायला नव्हती, नुसती धरून बसायला. आत तिघं होते. मध्ये अध्यक्ष, ज्यांना कमी ऐकू येत होतं आणि ते लपवण्यातच त्यांची सगळी शक्ती खर्च होत होती. डावीकडे अभिलेखागाराच्या कचेरीतले एक गृहस्थ, माझं वय पुन्हा पुन्हा वाचणारे, जणू दुसऱ्या वाचनात ते कमी निघेल. उजवीकडे पस्तिशीच्या एक बाई, रसायनशास्त्र शिकलेल्या. त्यांचे डोळे थेट मास्तरांसारखे, माणसाकडे बघतानाही कुठे फाटलंय ते शोधणारे. पहिली वीस मिनिटं झकास गेली. दुर्गुणाचा प्रश्न आला, मी भाचीचं उत्तर दिलं, गृहस्थांनी ते लिहूनही घेतलं. मग बाई उठल्या, मागच्या टेबलावरचं कापड बाजूला केलं आणि म्हणाल्या, "तुमच्या जुन्या ग्रंथालयाचा संग्रह आता आमच्याकडे आलाय. या कामाबद्दल तुम्हाला विचारायचं म्हणून मी महिनाभर थांबलेय."

टेबलावर नकाशा होता. आपला. नदीचा.

तो तुला आठवत असेलच. मला मात्र तो नीट लिहून काढायला हवा, कारण चौदा वर्षं मी तो माझ्या सोयीने आठवत आले आहे. दोन हात रुंद, हाताने रंगवलेला, आणि नदीच्या दोन्ही काठांची कसरीने पार चाळण केलेली. भोकं ओल्या लगद्याने भरायची, पण नदीच्या निळ्याला ओल लागता कामा नये, कारण एक थेंब पडला तरी तो रंग पसरायचा. आपण दोघी आठवडाभर त्यावर डोकं आपटत होतो. मग मला कावीळ झाली. मी तीन आठवडे घरी पिवळी होऊन पडले, आणि तिकडे तू एकटीने सत्तेचाळीस भोकं भरलीस. शेवटच्या दिवशी विभागप्रमुखांनी विचारलं, "एका नकाशाला तीन आठवडे? झोपा काढत होतात का?" तेव्हा तू ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून त्यांच्या टेबलावर मांडल्यास आणि मग तोंड मोकळं झाल्यावर जे बोललीस ते शिपायाने मला नंतर दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्या आग्रहावरून. तू तिथूनच घरी गेलीस. नकाशा दाबयंत्रात तसाच राहिला. मी कामावर परत आले, दाबयंत्र उघडलं, आणि बघतच राहिले. निळा जिथल्या तिथे होता. भोकं शोधायला मला भिंग घ्यावं लागलं.

आणि आपल्या खोलीची ती रीत. दाबयंत्रातून पान जो बाहेर काढेल त्याचं नाव नोंदवहीत. मास्तरांचं म्हणणं असायचं की पान हातात घेऊन 'झालं' म्हणण्याची हिंमत करणाऱ्यानेच जबाबदारी घ्यावी. मी माझं नाव लिहिलं. त्या दिवशी माझ्या मनात पाप नव्हतं, हे शपथेवर सांगेन. पुढच्या दिवसांबद्दल मात्र शपथ घालू नकोस. पुढे नकाशा बघायला पाहुणे येऊ लागले. ग्रंथालयाच्या पुस्तिकेत त्याचा फोटो छापला, खाली माझं नाव आलं. तू भांडून गेलेली, त्या इमारतीत तुझं नाव काढायची सोय नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग सांगावंही लागेनासं झालं. तुला मी दर दोन महिन्यांनी पत्र लिहीत राहिले, भाचीचे दुधाचे दात, भावजयीचा गुडघा, सगळं कळवलं. ती पुस्तिका तेवढी पाठवली नाही. तू कधी काही विचारलं नाहीस. तुला ठाऊक नाही म्हणून, की ठाऊक आहे म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि दोन्हीपैकी कोणतं जास्त वाईट तेही ठरत नाही.

आत्ता पुन्हा उठले होते. खिडकी उघडून आले.

तर बाईंनी विचारलं, "निळा रंग पसरला कसा नाही?" आणि मी बोलू लागले. टाचणी, काय बोलले मी! आधी म्हटलं, रंगावर सरसाचा पातळ हात दिला. त्या म्हणाल्या, "आम्ही तपासलं, सरसाचा मागमूस नाही." मग म्हटलं, लगदा पाण्याऐवजी मद्यार्कात कालवला. "मग ही अक्षरांची शाई उतरली असती ना?" मग मी तिसरी युक्ती काढली आणि तिला एक भारदस्त संस्कृत नावही दिलं, जे मी तिथल्या तिथे घडवलं होतं. अध्यक्षांना ते फारच आवडलं. त्यांनी मान डोलावली. बाई मात्र नकाशावर वाकून, जी भोकं दिसतच नव्हती त्यांच्याकडे, इतक्या आदराने बघत राहिल्या की मला लाज वाटली. त्यांच्यापुढे नव्हे, त्या कामापुढे. म्हटलं, "हे मी केलेलं नाही. माझ्या मैत्रिणीने केलंय. कसं केलं ते मला माहीत नाही." अध्यक्ष कानामागे हात धरून म्हणाले, "काय म्हणालात?" म्हणून मला ते सगळं पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. कबुली एकदा देऊन होते गं. ओरडून द्यावी लागली की बाहेर बाकावरचे पाच जणही ऐकतात.

गृहस्थ म्हणाले, "कळवू." मी उठले, नमस्कार केला, पिशवी उचलली आणि गळ्यातली पट्टी तशीच घेऊन बसमध्ये चढले. सगळी बस मला अभ्यागत म्हणून बघत होती. घरी भाचीने विचारलं, "कशी झाली?" म्हटलं, बरी. "बरी म्हणजे?" बरी म्हणजे बरी. बुधवारी मला तिचा राग आला, उगाचच. गुरुवारी तुझा आला. कशाला इतकं चांगलं काम करून ठेवलंस? जरा बेंगरूळ केलं असतंस तर कोणी मला त्याबद्दल विचारलं नसतं आणि आज मी प्रमुख असते. मग भांडी घासताना तिसऱ्या युक्तीऐवजी चौथी सुचली, चांगली पटण्यासारखी, आणि ती तिथे का नाही सुचली म्हणून मी कढईवर राग काढला. एवढी कबुली देऊनही माझ्या मनाची धाव अशी. आम्हाला संस्कृत शिकवताना मनाला माकडाची उपमा देत. माकडाने अब्रुनुकसानीचा दावा लावावा अशी परिस्थिती आहे.

काल ती 'अभ्यागत'ची पट्टी परत करायला गेले. टपालाने पाठवता आली असती. पण कुठेतरी वाटत होतं, कोणी भेटेल, म्हणेल, प्रामाणिकपणा आवडला आम्हाला. रसायनवाल्या बाई खरंच भेटल्या. जिन्यावरच. म्हणाल्या, "प्रमुखपदासाठी तुमचा विचार होणार नाही. पत्र येईलच, पण मी तोंडावर सांगितलेलं बरं." मी म्हटलं, हो, बरोबर आहे. आणि टाचणी, बरोबर होतं तरी मी कठडा धरला. त्यांनी विचारलं, "ज्यांनी तो नकाशा केला त्यांचा पत्ता मिळेल का? बाकीच्या पाचांपैकी कोणी पसंत पडलेलं नाही. यादी सोमवारी पक्की होते, उद्या दुपारपर्यंत कळवा." आणि मी काय म्हटलं असेल? "शोधावा लागेल." चौदा वर्षं दर दोन महिन्यांनी मी जो पाकिटावर लिहिते, तो पत्ता. घरक्रमांकासकट तोंडपाठ. जिन्यावरून उतरताना मला वाटलं, सापडला नाही म्हणून सांगितलं तर कोणाला कळणार आहे? रात्रभर आणि सकाळी पुन्हा तेच वाटत होतं.

आज अकरा वाजता फोन केला आणि पत्ता दिला. पत्र लिहायला बसण्याआधीच दिला, कारण मी स्वतःला ओळखते. आधी पत्राला हात घातला असता तर तीनाचे तेरा मसुदे झाले असते आणि दुपार टळून गेली असती. तेव्हा त्यांचं पाकीट येईल. जाहिरात समजून त्यात सुया खोचून ठेवू नकोस. जायचं की नाही ते तू ठरव. मला माफ करायचं की नाही तेही ठरव, पण ते निराळ्या पत्रात कळव, दोन्ही एका पाकिटात नकोत, मला कोणतं आधी वाचावं ते कळणार नाही. माझं पुढे काय होईल ठाऊक नाही. सोमवारी वकिलांकडे नाड्या आहेत, एवढं नक्की. मी हे पत्र लिहिलं ते मात्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी. चौदा वर्षं रोज मनात असूनही एक प्रश्न मी तुला विचारू शकले नाही, कारण विचारला असता तर उत्तर मला येत नाही हे उघडं पडलं असतं. आता ते तीन माणसांना आणि पाच उमेदवारांना ठाऊक आहे, म्हणजे लपवण्यासारखं काही उरलं नाही. तर सांग ना गं, तो निळा पसरला कसा नाही?

तुझी उत्तराची वाट बघणारी,
आणि तशीही तुझीच,
पंडितीण