एका पत्त्यावर दोन कॉम्प्युटर

ती. दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो, की अजून कठड्याचीच मर्जी सांभाळावी लागते? वहिनींनाही नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमची बहीण माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. रविवारी फोनवर तुम्हाला उंदराबद्दल सांगितलं ते खोटं होतं. ही शेजारी बसली होती, काय करणार?

खरी हकीकत अशी. शुक्रवारी सकाळी मी माझ्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. एकट्याने. (रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काय काम, असं तुम्ही म्हणाल, हीसुद्धा तेच म्हणाली.) सगळं झालं, फक्त इंटरनेट येईना. नेटवर्कचं सेटिंग उघडलं तर रिकामे रकाने, पत्ता भरा म्हणून. हिचा कॉम्प्युटर तर उत्तम चालतो. तेव्हा ही अंघोळीला गेल्यावर मी तिच्याकडचे सगळे आकडे कागदावर उतरवले आणि माझ्यात भरले. एका टिंबाची चूक नाही. (अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत, दादा.) इंटरनेट लगेच आलं.

अकराला हिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. समितीने विचारलं, शाळेत अचानक अडचण आली तर काय कराल? ही उत्तराला तोंड उघडून जी पडद्यावर थिजली, ती थिजलीच. हिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर माझं इंटरनेट गेलं. मी माझा चालू केला, तर हिचं गेलं. असं तीनदा. मध्ये भिंत, आणि दोन्हीकडून नेटवाल्याच्या नावाने खडे फोडणं चालू.

दुपारी नेटवाला आला. माझा पडदा बघून म्हणाला, "काका, एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं बसवलीत. पोस्टमनने टपाल द्यायचं कुणाला?" कॉम्प्युटरने पत्ता आपला आपण घ्यावा, असं एक बटण तिथंच होतं. त्याने ते दाबलं, संपलं. मी त्याला गप्प राहायची विनंती केली आणि हिला सांगितलं, उंदराने वायर कुरतडली. ही "बरं" म्हणाली, चष्मा पुसला आणि खोलीचं दार हळूच लावून घेतलं. सतरा वर्षं तिने या जागेची वाट पाहिली आहे. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

समितीने गुरुवारी पुन्हा मुलाखत ठेवली आहे, कॉम्प्युटरवरच.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. उंदीर टिकणार नाही, वायर धडधाकट दिसते. तेव्हा ते आकडे उतरवायला तुम्हीच सांगितलं होतं, एवढं खोटं तिच्यापाशी कबूल करा. तुमच्यावर ती रागावत नाही.

पुन्हा ता. क. या पत्रासाठी हिच्याकडे पोस्टाचं तिकीट मागायला गेलो. म्हणाली, "नेटवाला जाताना मलाच सांगून गेला. दादाला मी शुक्रवारीच कळवलंय." म्हणजे रविवारी तुम्ही उंदराच्या शेपटीची लांबी विचारलीत, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी वीतभर म्हणालो होतो.

आणखी एक. टपालात टाकायचं राहून गेलं आणि गुरुवार उजाडला. मुलाखत नीट झाली. तेवढा वेळ मी जिन्यात बसून होतो, माझ्या कॉम्प्युटरची वायर मांडीवर घेऊन. हिने तसं सांगितलं नव्हतं.